दीड तासाचं अंतर

१

विमानतळाच्या इमारतीत, सामानाच्या पट्ट्यांच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. खोलीला खिडकी एकच, आणि तीही धावपट्टीकडे नव्हे, गाड्या लावायच्या मैदानाकडे उघडणारी. तिथे बसून ताई विमानं उडवायच्या. म्हणजे उडवायचे वैमानिकच. पण विमानानं कुठून जायचं, वारा किती, इंधन किती भरायचं, पोचायला किती वेळ लागेल, हे सगळं आधी ताईंच्या टेबलावर ठरायचं. अशा कामाला नेमकं काय म्हणतात असं कुणा नातेवाइकानं विचारलं, की ताई म्हणायच्या, "लोक आकाशात हरवू नयेत म्हणून मी जमिनीवर बसते."

सकाळचं पहिलं काम ठरलेलं. एका दुसऱ्या शहराला जाणारं विमान. अंतर अकराशे किलोमीटर, वेळ दीड तास. पूर्वी हे विमान डोंगरांना वळसा घालून जायचं. मग मधला आकाशाचा पट्टा खुला झाला आणि नकाशावर पट्टीनं आखावी तशी सरळ रेघ आली. बारा मिनिटं वाचली. कंपनीनं त्या बारा मिनिटांच्या जाहिराती शहरभर लावल्या. आता त्याला नऊ वर्षं होत आली होती.

मार्गाच्या कागदावर दोन सह्या लागतात, एक नियोजकाची आणि एक कॅप्टनची. त्या सकाळी दुसरी सही करायला जे कॅप्टन आले, त्यांना सगळे 'नवरदेव' म्हणायचे. बुटांपासून केसांपर्यंत माणूस कसा नुकता बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा. दाढी तर इतकी गुळगुळीत की गालावर माशी घसरावी. आज मात्र हनुवटीजवळ ब्लेड लागलं होतं आणि त्यावर कागदी रुमालाचा कपटा चिकटवला होता.

"आज नवरीनं चावलं वाटतं," ताई म्हणाल्या.

"ताई, वय झालं. हात थरथरतो," कॅप्टन हसत म्हणाले आणि सही करून गेले.

अकराच्या सुमारास ते परतले. जाऊन येऊन, वेळेवर, ठरल्यापेक्षा थेंबभरही जास्त इंधन न जाळता. परतीचा कागद ताईंच्या पुढ्यात ठेवायला वाकले, तेव्हा ताईंनी मान वर केली आणि त्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

कॅप्टनच्या गालांवर दोन दिवसांची दाढी होती.

"काय कॅप्टन, गालांना सुट्टी?"

त्यांनी गालावरून हात फिरवला. "अरेच्चा. ब्लेडच बोथट होतं म्हणायचं."

ते गेले. ताईंनी मनात हिशोब मांडून पाहिला. सकाळी उजेड कमी होता. आपला चष्मा जुना आहे. काही पुरुषांची दाढी भराभर वाढते. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त एक गोष्ट कुठेच बसत नव्हती. हनुवटीजवळच्या जखमेवरचा कपटा गळून पडला होता, आणि खाली जखमच नव्हती. खपलीसुद्धा नाही. कातडी नवी, गुलाबी, भरून आलेली.

२

ताईंची लेक चोवीस वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी तिला त्या दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. सोमवारी सकाळच्या विमानानं जायचं, शुक्रवारी दुपारच्या विमानानं परत यायचं. तिचे बाबाही असेच जायचे. सहा वर्षं गेले, आणि तीन वर्षांपूर्वी एका रविवारी, वर्तमानपत्र वाचता वाचता, खुर्चीतच गेले.

त्या आठवड्यातल्या रविवारी लेकीनं आरशासमोर उभं राहून कपाळावरच्या बटा भुवयांच्या वर कापल्या होत्या. कात्री वाकडी गेली, म्हणून ताईंनीच त्या सरळ करून दिल्या होत्या. शुक्रवारी ती दारातून आत आली आणि बॅग ठेवायच्या आधी तिनं फुंकर मारून डोळ्यांवरचे केस उडवले.

"एवढे वाढले?" ताईंनी विचारलं.

"केस आहेत, आई. वाढणारच."

"पाच दिवसांत?"

"मग काय तुझ्या ऑफिसची परवानगी काढून वाढायचं? जेवायला दे आधी. भुकेनं जीव चाललाय."

"विमानात काही देत नाहीत का?"

"देतात. संपतं. मागच्या रांगांना तर मिळतच नाही. सगळे असे तुटून पडतात, जसं काही महिनाभर उपाशी आहेत."

ती जेवत होती. ताटातलं संपवून तिनं पातेलं पुढ्यात ओढलं. ताई समोर बसून बघत होत्या, आणि त्यांना दिसत मात्र दुसरंच कुणी होतं. तेही शुक्रवारी असेच यायचे. खुंट वाढलेले, डोळे खोल गेलेले. "तिकडे वस्तरे मिळत नाहीत का हो?" असं त्या दर शुक्रवारी म्हणायच्या, आणि ते दर शुक्रवारी हसायचे. ते गेल्यावर डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेऊन विचारलं होतं, "वय एक्कावन्नच ना? नक्की? हृदय फार म्हातारं होतं त्यांचं." ताईंना तेव्हा त्या प्रश्नाचा राग आला होता.

"तू रेल्वेनं जात जा," त्या एकदम म्हणाल्या.

लेक खाता खाता थांबली. "आई, रेल्वेला सोळा तास लागतात. विमानाला दीड."

"हो," ताई म्हणाल्या. "दीडच."

पुढचे दोन आठवडे त्यांनी परतणाऱ्या माणसांकडे बघण्यापलीकडे काही केलं नाही. इतर मार्गांवरून येणारे जसेच्या तसे यायचे. सरळ रेघेवरून येणारे मात्र बदलून यायचे. कधी संध्याकाळपुरती सावली गालांवर, कधी आठवड्याचे खुंट. मोजमाप काही नाही. घड्याळं सगळी बरोबर, इंधन बरोबर, फक्त माणसं चुकलेली. उद्या किती जाईल, दिवस, महिना की दहा वर्षं, हे सांगता येत नव्हतं. आणि दर सोमवारी त्यांची लेक खिडकीजवळची जागा मागून घेत होती.

३

नियोजकानं वर्षातून एकदा वैमानिकांच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर बसून एक फेरी करायची, असा नियम आहे. टेबलावर बसून मार्ग आखणाऱ्याला तो मार्ग दिसावा तरी. ताई ही फेरी नेहमी शेवटच्या महिन्यापर्यंत टाळायच्या. या वर्षी त्यांनी ती मागून घेतली. कॅप्टन नवरदेव, आणि शेजारी एक सहवैमानिक मुलगी, बोलकी, नखांना लालभडक रंग.

"ताई, भीती वाटली तर माझा हात धरा," ती म्हणाली.

"तू स्टिअरिंग धर," ताई म्हणाल्या, "मी माझं बघते."

त्यांनी पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला आणि क्रोशाची सुई. हाताला चाळा हवा होता. बोटभर विणलेला मफलर होता, राखाडी. विमान वर चढलं. ऊन लख्ख होतं. खाली शेतं, मग टेकड्या, मग कोरडा माळ. ताई एकेक बिंदू मनात म्हणत होत्या. नकाशावरच्या त्या बिंदूंना निरर्थक नावं असतात, पण बावीस वर्षांत ती त्यांना सोयऱ्यांसारखी झाली होती. तिसरा बिंदू गेला. आता तो तुकडा. खुला केलेला पट्टा.

त्यांनी सुईवर टाका घेतला.

नंतर त्यांना आठवत होतं ते एवढंच की बोटात कळ आली. सुई बोटात शिरली होती. त्या कळेनं त्यांनी डोळे उघडले, आणि तेव्हा त्यांना कळलं की डोळे उघडेच होते.

आवाज नव्हता. इंजिनांची घरघर थांबली तर ती थांबल्याचं कानात घुमतं. इथे तेही नव्हतं. कॅप्टन आणि ती मुलगी पाठ ताठ ठेवून बसले होते, हात मांड्यांवर, जसं कुणी त्यांना तसं बसवून ठेवलं असावं. पापणी हलत नव्हती. मागच्या बंद दारापलीकडून एक आवाज मात्र येत होता. दीडशे माणसं एकाच वेळी श्वास आत घेत होती. मग खूप वेळानं एकाच वेळी बाहेर सोडत होती.

हे स्वप्न आहे, ताईंनी स्वतःला बजावलं. उंचीवर हवा विरळ होते, त्यानं असं होतं. पण बोटातून रक्त येत होतं, आणि त्यांच्या हातांना काही सांगावं लागत नव्हतं. हात विणतच होते.

मग त्यांनी काचेबाहेर पाहिलं.

बाहेर विमानं होती. उजेडात, ढगाशिवाय, एकाशेजारी एक, गाड्या लावून ठेवाव्यात तशी उभी. सगळ्यांचे रंग त्यांच्याच कंपनीचे. दूरवर जाऊन ती ठिपक्यांएवढी झाली होती, आणि ठिपके संपत नव्हते. सगळ्यांत जवळचं इतकं जवळ होतं की खिडक्यांतले चेहरे ओळखू यावेत. आणि एक चेहरा ओळखू आला.

खिडकीजवळची जागा. चौकडीचा शर्ट, बाहीला ताईंनीच लावलेलं वेगळ्या रंगाचं बटण. केस पांढरे, ताईंनी कधी पाहिले नव्हते इतके पांढरे. ते ताईंकडे बघत होते. ताईंनी हाक मारायला तोंड उघडलं, पण तोंडातून त्या दीडशे जणांबरोबरचा श्वासच बाहेर पडला.

लेकीच्या बाबांनी हात उचलला. ताईंना वाटलं, हलवताहेत. पण तो हात खिडकीच्या वरच्या कडेला गेला, आणि त्यांनी सावकाश, उन्हात डुलकी काढायची असली की करायचे तसं, खिडकीची झडप खाली ओढून घेतली.

"चौथा बिंदू," ती मुलगी म्हणाली. "वेळेवर."

इंजिनं घरघरत होती.

४

विमान उतरून थांबलं. प्रवासी गेले. कॅप्टन कागद आवरत होते. ताईंनी मांडीवरचा मफलर उचलला आणि त्यांच्या खांद्यावरून पुढे सोडला. तो त्यांच्या मांडीवरून खाली, पायांपर्यंत गेला. गुंडा संपला होता.

"हे काय, सत्कार?" कॅप्टन म्हणाले.

"बसले तेव्हा हा बोटभर होता."

कॅप्टन हसणार होते, पण हसले नाहीत. त्यांचा हात आपोआप हनुवटीकडे गेला, आणि तिथेच राहिला. शेजारच्या मुलीनं स्वतःची नखं डोळ्यांजवळ नेली होती. लाल रंगाच्या मुळाशी प्रत्येक नखावर कोऱ्या नखाची चंद्रकोर उगवली होती.

"मी काल रात्रीच लावलं होतं," ती बारीक आवाजात म्हणाली.

कॅप्टननी मफलर मांडीवर गोळा केला.

"पाच वर्षं उडवतोय मी हा मार्ग," कॅप्टन म्हणाले. "बायको म्हणते, माझ्या आधी म्हातारा होतोयस. मी म्हणायचो, तुझ्या काळजीनं." मग ते ताईंकडे वळले. "तुमची लेक जाते ना याच विमानानं?"

"शुक्रवारी परत येतेय."

"परतीचा कागद नवा काढा, ताई. डोंगरांना वळसा घालणारा, जुना. मी सही करतो."

दोन सह्या झाल्या की त्या दिवसापुरतं वर कुणाचं चालत नाही. त्या दुपारी नऊ वर्षांनी एक विमान डोंगरांना वळसा घालून परतलं, बारा मिनिटं उशिरा. उतरताना ताईंनी कॅप्टनच्या गालाकडे पाहिलं. जाताना वाढलेली दाढी तेवढीच होती. एक केसही जास्त नाही.

घरी आल्यावर ताईंनी मफलर टेबलावर पसरला. एकही टाका सुटलेला नव्हता. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. पण आला तो एक विचार, आणि तो रडण्यापेक्षा वाईट होता. मार्ग बदलला नाही तर पुन्हा जाता येईल. पुन्हा सुई बोटात खुपसून जागं होता येईल. एकदाच. झडप वर होईपर्यंत.

हा विचार त्यांनी झोपेपर्यंत बाजूला सारला नाही. तसाच शेजारी ठेवला, पाहुण्यासारखा.

५

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे कंपनीचे इथले प्रमुख. पाठीमागे त्यांना सगळे 'काळेभोर' म्हणायचे, कारण साठीतही त्यांच्या डोक्यावर एक पांढरा केस कुणी पाहिला नव्हता आणि त्यांच्या उशीचा अभ्रा मात्र म्हणे रोज धुवावा लागायचा.

"बारा मिनिटं!" साहेब म्हणाले. "ताई, या बारा मिनिटांवर कंपनी उभी आहे. कारण काय लिहू? मफलर?"

"लिहा," कॅप्टन नवरदेव म्हणाले. ते न बोलावता आले होते.

"तुम्ही गप्प बसा हो. कालचं झालं ते झालं. उद्यापासून ताईंच्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल, आणि विमान सरळ जाईल. उद्याही, परवा शुक्रवारीही."

ताईंचा आवाज शांत निघाला. "साहेब, तुम्हाला उद्या तिकडे बैठक आहे ना?"

"आहे. मग?"

"सरळ मार्गानं जाऊन या. परत आल्यावर तुम्ही म्हणालात, तर मी स्वतः खुर्ची रिकामी करते. माझी बॅगही तुम्हाला उचलावी लागणार नाही."

"पैज?"

"विनंती."

साहेब हसले. बैठकीत फोटो निघणार म्हणून त्यांनी कालच केस काळे करून घेतले होते. ते त्यांनी एकदा सवयीनं चापून बसवले. "जातोच. शंभर वेळा गेलोय मी या मार्गानं."

गुरुवारच्या त्या कागदावर ताईंनी सही केली नाही. साहेबांनी ती शेजारच्या टेबलावरून घेतली. विमान गेलं. ताई दिवसभर कागदावरच्या प्रवाशांच्या आकड्यावर बोट ठेवून बसल्या. त्या विमानात इतरही माणसं होती, त्यांचा कुणी विचार केला नव्हता. साहेबांनी नाही, आणि थोडा वेळ तर ताईंनीही नाही. ते त्यांना आवडलं नाही.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. हळू, एकेका पायरीवर थांबणारी. साहेब दारात आले. त्यांच्या गालांवर पांढरी दाढी होती, आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना, मुळाशी, बोटभर रुंदीचा पांढराशुभ्र पट्टा उगवला होता, आणि त्याच्या पुढे टोकांपर्यंत परवाचा काळा रंग.

खोलीतली कळफलकांची टकटक थांबली. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

साहेब ताईंच्या समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी पाणी मागितलं. प्यायले नाहीत.

"पायात बुटाचा खिळा टोचला," ते म्हणाले. "म्हणून जाग आली."

"हं."

"ताई, पलीकडच्या विमानात मी होतो."

ताईंनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"एकाच विमानात नाही. मी मोजायला लागलो आणि थांबलो. काचेवर हात आपटत होतो मी. आवाज येत नव्हता." त्यांनी वर पाहिलं. "तुम्हाला दिसलं होतं?"

"मला दिसले ते शांत होते," ताई म्हणाल्या.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "तो तुकडा नकाशातूनच काढून टाका. कायमचा. कारण मी लिहितो. जाहिरातींचं मी बघतो." उठताना त्यांनी हात डोक्याकडे नेला आणि मध्येच खाली घेतला. "आणि एखादी टोपी आहे का हो कुणाकडे?"

६

शुक्रवारी सकाळी ताई लवकर आल्या. तिसऱ्या आणि चौथ्या बिंदूंमधली रेघ पडद्यावर निळी दिसत होती. ती पुसायला एक कळ पुरते. मग यंत्र विचारतं, खात्री आहे का?

ताई त्या प्रश्नाकडे बघत बसल्या. बोटाची जखम अजून ठणकत होती. ही रेघ गेली की तिथे कुणी जाणार नाही. त्या उजेडात, त्या रांगेत, चौकडीच्या शर्टातला माणूस झडपेमागे राहील, आणि त्याला पुन्हा कधीच कुणी बघणार नाही. दर शुक्रवारी जी दाढी पाहून त्या चिडवायच्या ते दिवस तिथेच कुठेतरी खर्च झाले होते. ते आता परत मागता येणार नव्हते. पण त्यांनी झडप ओढून घेतली होती. ओळख विसरून नव्हे. आयुष्यभर ताईंनी त्यांना ती ओढताना पाहिलं होतं. तिचा अर्थ एवढाच असायचा, की मला झोपू दे, तू आपलं काम कर.

"करते," ताई रिकाम्या खोलीत म्हणाल्या, आणि कळ दाबली.

रेघ गेली. डोंगरांना वळसा घालणारी जुनी रेघ उमटली, वाकडी, लांब, एखाद्या खोडकर पोरानं काढल्यासारखी. ताईंना ती इतकी देखणी कधीच वाटली नव्हती.

दुपारी त्या पहिल्यांदाच जागा सोडून खाली, बाहेर पडायच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. फलकावर उशीर झळकत होता. माणसं घड्याळं बघत होती, नाकं मुरडत होती. एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "सगळ्यांत जलद म्हणे! यापेक्षा बैलगाडीनं आलो असतो." ताईंनी मान वळवून त्यांच्या तुळतुळीत गालांकडे आईच्या मायेनं पाहिलं. ते गृहस्थ बावरले.

मग लेक आली, तणतणत.

"आई, तुमच्या कंपनीचं काय चाललंय? बारा मिनिटं! माझी पुढची बस गेली. आणि जेवण एवढं वाटत होते, एवढं वाटत होते, शेवटी उरलं. कुणाला भूकच नव्हती."

"नव्हती ना?"

"हसतेस काय? मी तक्रार करणार आहे."

"कर."

"तुझ्याच कंपनीची तक्रार आहे ही!"

"म्हणून तर म्हणते, सविस्तर कर."

काउंटरवरची मुलगी धावत आली. तिच्या मागे दहा-बारा माणसं हुज्जत घालत उभी होती, आणखी येत होती, सगळी चिडलेली, ताजीतवानी, सकाळी घरून निघाली तेवढ्याच वयाची.

"ताई, सगळे तक्रारीचा कागद मागतायत. काय करू?"

"द्या," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्या सगळ्या गोंगाटावरून पार दारापर्यंत गेला. "सगळ्यांना द्या. पेनं कमी पडली तर वर माझ्या टेबलावरची घेऊन या."